हवा कमी करा, मग बोलू

लातूरला आमचं टायरचं दुकान आहे. सासऱ्यांनी रिमोल्डिंगपासून, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्यापासून, सुरुवात केली, आता गल्ल्यावर मी बसते आणि पोरं जेवायला गेली की पानाही मीच हातात घेते. जानेवारीत आमचा फोर बाय फोरवाल्यांचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते त्या गाड्यांचा, ग्रुप जैसलमेरकडच्या वाळूत दोन रात्री राहून आला. ग्रुपमध्ये दोन डॉक्टर, एक ऊसवाले काका, पाइपांचे एक व्यापारी, कॉलेजचे एक सर आणि मी. मागच्या खेपेला याच पानावर त्याचं दोन ओळींत लिहिलं, तर या महिन्यातली निम्मी पत्रं त्याच्यावरच आली. म्हणून अलाइनमेंट आणि मायलेजचे प्रश्न पुढच्या वेळी.

ताई, आमचा सहा गाड्यांचा ग्रुप आहे, सगळ्या फोर बाय फोर. दोघांनी रुंद टायर बसवलेत. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढायची आम्हाला चांगली सवय आहे. वाळूसाठी वेगळं काय करावं लागेल? (वाचक, अहमदपूर)

काळ्या रानाची सवय हीच तुमची पहिली अडचण. आपली माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते, गाडी घसरते, पण खाली कुठेतरी मुरूम लागेल या भरवशावर आपण पाय दाबून धरतो आणि बहुतेक वेळा निघतोही. वाळूत तो मुरूम नसतो. चाक जागेवर फिरलं की स्वतःच्या खाली खड्डा खणतं. चिखलातला वस्ताद वाळूतही तसाच पाय दाबतो आणि अर्ध्या मिनिटात गाडी पोटावर बसते.

वाळू लागायच्या आधी गाड्या ओळीत लावायच्या आणि हवा काढायची. रस्त्यावर बत्तीस-चौतीसची हवा असते, ती सोळा-अठरावर आणायची. रुंद टायरवाल्या तुमच्या दोघांनीसुद्धा. लोकांना वाटतं की हवा काढली की टायर आडवं फुगतं. आडवं थोडंच वाढतं, लांबीला जास्त पसरतं. जमिनीवर टेकलेला पट्टा लांब झाला की तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. वाळू दबते, पण चाक आत शिरत नाही. उंट चालताना त्याच्या पायाकडे बघा. टेकला की पसरतो, उचलला की मिटतो.

आमच्यातल्या एका डॉक्टरांची टायरं कोरी होती, माझ्याच दुकानातून नेलेली. "ताई, नव्या टायरची हवा काढायची? साइडवॉल खराब होईल," म्हणाले. मी म्हटलं, तुमची गाडी, तुमची मर्जी. पहिल्या टेकाडावर चाळीस पावलंही गेली नाही आणि फसली. शेजारून एक उंटवाला चालला होता. तो थांबला, काही बोलला नाही. खाली बसला आणि भाकरी फुगली का बघतात तसं अंगठ्याने टायर दाबून पाहिलं. मग डॉक्टरांकडे बघून मान हलवली. एवढं शिकलेला माणूस, पण तेवढ्या एका मान हलवण्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वॉल्व्हची पिन दाबून बसले. हवा सोळावर आली, चाकांमागची वाळू दोन घमेली काढली आणि गाडी रिव्हर्समध्ये आपल्याच चाकोरीतून बाहेर आली.

हवा मोजायचा काटा जवळ नसेल तर रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर काडीने मोजा आणि ते पाऊण होईपर्यंत हवा सोडा. अगदीच रुतली तर बारापर्यंत उतरता येतं, पण तेवढ्यावर स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर टायर रिमवरून उतरतं. तिथे, त्या वाळूत, ते परत बसवायचं म्हणजे काय असतं ते मला विचारू नका. दुकानात मशीन असून घाम निघतो.

गाडी फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं चालू आणि नेहमीचा वेग, गिअर दुसरा किंवा तिसरा, एका लयीत. मध्येच गिअर बदलत बसलात तर तेवढ्यात वेग मरतो. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद ठेवा. चाक जरा फिरलं की ते इंजिनची ताकद कमी करतं आणि नेमकं नको तिथे गाडी थांबते. ब्रेक शक्यतो लावूच नका. ब्रेकने चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. पाय उचला, गाडी आपोआप थांबते, आणि थांबायचं ते नेहमी उताराकडे तोंड करून. रुतलीच तर पहिला नियम: अॅक्सिलरेटर सोडा आणि खाली उतरा. फावडं, दोन गोणपाटं किंवा ते प्लॅस्टिकचे खाचांचे पाट, आणि ताणणारा दोर. ट्रॅक्टरची साखळी घरी ठेवा. ती ताणत नाही, तुटते, आणि तुटली की काच फोडून आत येते. दोर गाडीच्या ओढायच्या हुकालाच बांधायचा. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. दोरावर घोंगडी टाकायची आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं.

सरावाला म्हणून नदीत वाळू बघायला जाल, तर जाऊ नका. एक तर ते बरोबर नाही, आणि दुसरं म्हणजे गोदावरीत आता चाक रुतण्याएवढी वाळू रात्री वाळू उपसणाऱ्या हायवा डंपरांनी ठेवलीय कुठे?

शुक्रवारी रात्री लातूरहून निघून सोमवारी सकाळी दुकान उघडता येईल का? (वाचक, लातूर)

नाही. एका बाजूचं अंतर तेराशे किलोमीटरच्या वर जातं. वाळूतला मुक्काम शनिवार-रविवारचा धरा, पण जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस लागतात. मीही पाच दिवसांचं सांगून सहाव्या दिवशी आले, आणि नवऱ्याने गल्ल्याच्या वहीत रोज "मालक गैरहजर" असं लिहून ठेवलं होतं.

माझ्याकडे थारच आहे. थारच्या वाळवंटात थार चालणार नाही असं कसं होईल? (वाचक, परभणी)

आधी गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे का बघा, नवीन मॉडेल असेल तर फोर बाय फोरचं बटण. २०२३ पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्ही नसेल तर गाडी जैसलमेर शहरात लावा आणि मित्राच्या गाडीत बसा.

ताई, माझे मिस्टर आणि मुलगा तुमच्यासारख्याच ग्रुपबरोबर निघालेत. गाडीची चिंता ते करतील. मी बरोबर काय देऊ? साप-विंचवाची फार भीती वाटते. (वाचक, धाराशिव)

पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी उतरलं होतं. ते बघितलेल्या आम्हाला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही, पण पुरुषमाणसं गाडीत बसली की डिझेल मोजतात आणि पाणी विसरतात. प्यायला माणशी रोज पाच लिटर धरा, स्वयंपाक आणि हातपाय धुणं वेगळं, आणि रेडिएटरसाठी दहा लिटर वेगळं. सगळं एका कॅनमध्ये देऊ नका. आमच्या व्यापारीदादांचा चाळीस लिटरचा कॅन खडखडाटाने तळाला चिरला. सगळं पाणी ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत गेलं आणि सकाळी डिक्कीत कणकेचा गोळा तयार होता.

खायला कडक भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. आणि येसर, म्हणजे आमटीचं भाजलेलं मसाल्याचं पीठ, नक्की द्या. वाळूत भाजी चिरायला बसलं की प्रत्येक फोडीला वाळू लागते. त्यापेक्षा पाण्याला आधण आलं की येसर टाकायचं, उकळी फुटली की आमटी तयार. आमच्या सरांनी पहिल्या रात्री पाकिटातल्या नूडल्स आणल्या होत्या. दुसऱ्या रात्री ते वाटी घेऊन माझ्या चुलीपाशी आले.

चूल म्हणजे गॅसची शेगडी. शेकोटीचं फार मनात असेल तर लाकूड वाटेतल्या वखारीतून विकत घेऊन न्यायला सांगा, तिथलं झाड तोडू देऊ नका. तिथे खेजडी म्हणतात ती म्हणजे आपली दसऱ्याची शमी. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली ही झाडं वाचवताना बिश्नोई समाजाची ३६३ माणसं मारली गेली. त्या मुलखात जाऊन शेकोटीसाठी शमीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याला गावकरी काय म्हणतील त्याचा विचार करा.

सापांचं म्हणाल तर फुरसं तिथेही आहे आणि आपल्या माळावरही आहे, त्यामुळे घरातला नियम तिथेही तोच. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट घालायच्या आधी झटकायचे, तंबूची चेन कायम बंद ठेवायची. थंडीची मात्र तयारी करा. दिवसा अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस पहाटे कुडकुडतो. स्वेटर, कानटोपी, एक जाड सोलापुरी चादर. आणि तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. रिकाम्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. तंबू रात्रभर हलत नाही.

व्हिडिओत टेकडीवरून गाडी उडवतात तशी कशी उडवायची, टेक्निक सांगा ना ताई. (वाचक, नांदेड)

अरे बाळा, उडवायची नाही. मी तसलं काही करायला गेले नव्हते तरी माझी काय गत झाली ते ऐक.

वाळूच्या टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. वारा येतो ती बाजू लांबलचक, सौम्य चढाची आणि दाबलेली असते. पलीकडे वाळू माथ्यावरून घरंगळून पडते, ती बाजू तीसेक अंशांची आणि भुसभुशीत. खालून हे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी सगळ्यात पुढे जायची पाळी होती. सकाळी दव असतं, वाळू जरा घट्ट असते. दुपारी ती मोकळी होते, हे मला माहीत होतं. पण सकाळी आठ-दहा टेकड्या पार केल्याची हवा माझ्या डोक्यात होती, टायरातली काढली होती तरी. माथा आला, पलीकडे काय आहे ते कळेना, घाबरून मी ऐन टोकावर पाय उचलला. गाडी पोटावर टेकली. पुढची दोन चाकं हवेत, मागची दोन हवेत, आणि मी मध्ये तराजूच्या काट्यासारखी. दार उघडायलाही भीती, कोणत्या बाजूला कलेल सांगता येईना.

दोन तास खणत होतो. पोटाखालची वाळू हाताने ओढून काढावी लागली, कारण फावडं आत जात नव्हतं. ऊसवाले काका सत्तरीचे आहेत. ते उताणे झोपून गाडीखाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा मिशा पिवळ्या झाल्या होत्या.

तेव्हा टेकडी आली की खाली थांब, चालत माथ्यावर जा, पलीकडे बघून ये. चढायचं सरळ, उतरायचंही सरळ. चढ पुरा झाला नाही तर गाडी वळवायची नाही, त्याच रेषेत रिव्हर्स खाली यायचं. तिरकी झाली की उलटते. एका वेळी एकच गाडी, आणि प्रत्येक गाडीला उंच काठीवर लाल फडकं, म्हणजे पलीकडून येणाऱ्याला माथ्याआडून आधी फडकं दिसतं. व्हिडिओ काढणाऱ्याला उताराच्या तोंडाशी उभं करू नको.

परवानग्या कोणत्या लागतात? वाळू दिसली की कुठेही गाडी घालता येते का? (वाचक, बीड)

घालता येत नाही. जैसलमेरजवळच्या सम आणि खुडी या गावांच्या अंगाला मोठं राष्ट्रीय मरू उद्यान आहे, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं. तिथे माळढोक आहे. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तोच पक्षी. बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. चाक कुठून गेलं ते चालवणाऱ्याला कळतही नाही. उद्यानाच्या बाबतीत वनखात्याला विचारा, सीमेकडे जायचं असेल तर जैसलमेरच्या जिल्हा प्रशासनाला. आम्ही गावातला एक माणूस दोन दिवस रोजावर बरोबर घेतला होता आणि तो म्हणेल त्याच वाळूत गेलो. सपाट दिसणारी जागा कधी कधी खडीन असते, म्हणजे पावसाचं पाणी अडवून ओलीवर पीक घ्यायचं रान. तिच्यातून गाडी गेली की बांध फुटतो. हे त्याने दाखवलं नसतं तर आम्ही खुशाल घातली असती.

परत येताना हवा कुठे भरली? (वाचक, उदगीर)

मला हवा होता तो प्रश्न. डांबर लागलं की सगळ्यात आधी गाडी बाजूला घेऊन हवा भरायची. सोळाच्या हवेवर हायवेला ऐंशीने गेलात तर टायर तापून फुटतं. दुसरं म्हणजे दांडा टू-व्हीलवर आणायचा, कारण कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळणं घेतली तर आतले गिअर ताणतात. आमच्याकडे लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा कॉम्प्रेसर होता. तिसऱ्या गाडीला तो इतका तापला की बंद पडला. मग हळूहळू वीसच्या वेगाने एका फाट्यावरच्या पंक्चरच्या टपरीपर्यंत आलो.

सतरा-अठरा वर्षांचं पोर होतं. चोवीस चाकं बघून घाबरलं नाही, ओळीने तपासत, भरत सुटलं. प्रत्येक वॉल्व्हवर आधी फुंकर मारून वाळू उडवायचं आणि मगच नळी लावायचं. माझ्या दुकानातल्या पोरांना हे दहा वेळा सांगावं लागतं. पण माझ्या गाडीचं टायर मला हातालाच कडक लागलं. माझा काटा लावला तर अडतीस. त्याचा चौतीस दाखवत होता. कितीतरी दिवस तो येणाऱ्या प्रत्येकाला चार पॉइंट जास्त भरून देत असणार. त्याला दोन्ही काटे शेजारी लावून दाखवले. बराच वेळ उलटसुलट करून बघत बसला. मग चोवीस चाकं परत पहिल्यापासून मोजली आणि जास्तीची हवा काढली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. निघताना माझा काटा मी तिथेच ठेवून आले. दुकानात आणखी तीन आहेत.