गोकाकच्या कड्यातले थर पृथ्वीच्या कक्षेमुळे पडले आहेत का?

गोकाकच्या धबधब्यावर, जिथे घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली कोसळते, त्या कड्यात दिसणारे थर पृथ्वीच्या कक्षेतील फेरफारांमुळे पडले आहेत का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा असल्याने हा कडा लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि तसे म्हणता येणार नाही असेच मला वाटते.

थर नियमित दिसले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कलादगी शैलसमूहातला हा वाळूखडक वाहत्या, उथळ पाण्यात साचला असून वाळूचा हातभर थर एखाद्या पुरातही पडू शकतो. खानापूरकडचे बेसाल्टचे थर तर गाळाचेच नव्हेत, ते लाव्हाचे आहेत.

खरी कसोटी थरांच्या प्रमाणात असते. पृथ्वीच्या अक्षाची भोवऱ्यासारखी डुलती गती, म्हणजे परांचन, यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तो ऋतू बदलत जातो आणि सुमारे 19 ते 23 हजार वर्षांत हे चक्र पूर्ण होते. या चक्राचा जोर मात्र कक्षा किती लंबवर्तुळाकार आहे यावर ठरतो, आणि ती लांबट-गोल होण्याची आवर्तने सुमारे 1 लाख व 4 लाख 5 हजार वर्षांची आहेत. म्हणून परांचनाच्या एका चक्राला दोन वेगळ्या थरांची एक जोडी धरली, तर साधारण पाच थरजोड्यांचा एक गट आणि अशा चार गटांचा एक मोठा गट आढळला, शिवाय खडकाचे वय स्वतंत्रपणे ठरले, तरच कक्षेचे नाव घ्यावे.

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्काला देई तुर्की या कड्याच्या चुनखडीमिश्रित खडकात राखाडी, पांढरा, फिकट तपकिरी आणि पुन्हा पांढरा असा क्रम वारंवार येतो आणि त्याची एक फेरी परांचनाच्या एका चक्राशी जुळते. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असे, तेव्हा राखाडी थर पडत. अशाच काळात आफ्रिकेतला मान्सूनही बळावत असे. आपला पाऊसही याच हिशेबात येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

गोकाकचा खडक मात्र शंखशिंपल्यांच्या जीवांहूनही जुना असल्याने जीवाश्मांवरून त्याचे वय काढता येत नाही. ग्रहांच्या गतीचे तपशीलवार गणितही सुमारे 5 कोटी वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही; गुरू आणि शुक्र यांच्यामुळे पडणारे 4 लाख 5 हजार वर्षांचे आवर्तन तेवढे स्थिर मानले जाते. शिवाय ती वाळू साचत होती तेव्हा चंद्र अधिक जवळ होता, दिवस लहान होता आणि परांचनाचे चक्रही आजच्याहून कमी वर्षांचे होते, त्यामुळे वर दिलेले पाचास एक हे प्रमाण त्या कड्याला जसेच्या तसे लावता येणार नाही.