मी ‘येते’ म्हणाले होते

प्रश्न : स. न. वि. वि. मी ठाण्याला राहते, वय ५४. गेल्या वर्षी माझ्या आईला कर्करोगासाठी परळच्या टाटा रुग्णालयात शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावे लागले; आठवड्यातून पाच दिवस, असे एकूण २५. बाहेरच्या बाकावर आमचा नंबर बहुधा एका बिहारी बाईंच्या मागेपुढे असायचा. त्या माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान होत्या. दोन मुलांना गावी आजीजवळ ठेवून नवरा-बायको आले होते आणि दादरच्या धर्मशाळेत राहत होते. वेळ जावा म्हणून त्या माझ्याकडून मराठी शिकू लागल्या. ‘बसा’, ‘दुखतंय का’, ‘झालं का’ असे शब्द त्या आपल्या फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेत. आईचा शेवटचा शेक झाला त्या दिवशी त्यांनी मला ठेकुआ (त्यांच्याकडचा कणकेचा गोड पदार्थ) भरलेला स्टीलचा छोटा डबा दिला. आईला टॅक्सीत बसवायची घाई होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, सवयीप्रमाणे ‘येते हं’ म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर मी त्या रस्त्याला गेले नाही. पुढच्या तपासण्यांना आईबरोबर भाऊ गेला.

मागच्या महिन्यात प्रभादेवीहून परळ स्थानकाकडे येणाऱ्या पुलावर त्या बाईंचे यजमान समोर आले. मी आनंदाने हाक मारली आणि ‘सगळं बरं ना’ असे विचारले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘वो तो दिवाली से पहले ही चली गई। रोज दरवाज़े की तरफ़ देखती थी। आप बोलके गई थीं ना, येते।’ मृत्यूच्या दाखल्यासाठी ते मुंबईत आले होते. मागून गर्दी रेटत होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही आणि ते जिना उतरून गेले.

परत येईन असे मी म्हटलेच नव्हते. आपल्याकडे निघताना सगळेच ‘येते’ म्हणतात. हे त्यांना कसे समजावू? त्यांचा नंबर आईच्या फाइलवर पेन्सिलीने लिहिलेला आहे. माझे यजमान म्हणतात, गेलेल्या माणसाचा विषय काढून त्यांना पुन्हा दुखवू नकोस. तो डबाही अजून माझ्याकडेच आहे. मी काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. त्या पुलावर तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. ज्या माणसाला आपण आनंदाने हाक मारली, त्याच्याकडूनच अशी बातमी कळावी आणि तीही मागून लोक रेटत असताना, अशा वेळी कोणालाही काही सुचले नसते.

आधी शब्दाविषयी. उंबऱ्यावर आपण ‘जाते’ म्हणत नाही. मूल चुकून तसे म्हणाले, तर घरातले कोणीतरी ‘जाते नाही, येते म्हणावं’ असे तिथल्या तिथे सुधारते. बांगडी फुटली तरी आपण ती ‘वाढवली’ म्हणतो, नारळ फोडताना ‘वाढवतो’ आणि रात्री दुकान बंद करतानाही ‘वाढवतो’. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही आपली रीत आहे. बंगाली माणूसही निरोप घेताना ‘आशि’, म्हणजे ‘येतो’, असेच म्हणतो. हिंदीत मात्र निघताना ‘चलते हैं’ म्हणतात, आणि ‘आती हूँ’ म्हटले तर ऐकणारा परत येण्याची वाट पाहतो. त्या बाईंनी ‘येते’ या शब्दाचा अर्थ शिकला होता. त्यामागची रूढी मराठी घरात वाढल्याशिवाय कळत नाही. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि आज परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरच्या पदपथावर उभे राहिले की बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, बंगाल अशा सगळीकडच्या बोली कानावर पडतात. उपचारासाठी आलेली ही माणसे आपले बोलणे किती लक्ष देऊन ऐकत असतात, याचा अंदाज आपल्याला नसतो. आजाऱ्याला तर दिवसभर ऐकण्यावाचून दुसरे फारसे काम नसते.

इथपर्यंत तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. ‘तो डबाही अजून माझ्याकडेच आहे’, असे लिहून तुम्ही पुढे गेला आहात. माझ्या मते सगळी गोष्ट त्या डब्यात आहे. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत; त्यात चार लाडू, मूठभर पोहे, निदान साखर घालून तो परत देतात. डबा घरी आणला, धुतला आणि ठेवून दिला, तेव्हा तो कधीतरी भरून परत न्यायचा हे तुमच्या मनात आले नसेल, असे मला वाटत नाही. म्हणजे तुमच्या ‘येते’मध्ये रूढी होती, तसे थोडे खरे येणेही होते, आणि त्या बाईंनी जे ऐकले ते सगळेच चुकीचे नव्हते. हे मी तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. शेक संपल्यावर त्या इमारतीकडे पुन्हा पाहायचीही इच्छा न होणारी कितीतरी माणसे मला माहीत आहेत. परळ आले की ती खिडकीतून दुसरीकडे पाहतात. आईला सांभाळून तुम्ही थकला होतात, आणि ज्या बाकावर रोज भीती वाटली त्या बाकाकडे पाय वळले नाहीत, इतकेच घडले. पण ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ या वाक्याने तुम्हाला चैन पडत नाही, याचे कारण ते वाक्य अर्धेच खरे आहे.

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नुसती आठवण, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. एक गोष्ट मात्र दिसते. सगळे वाक्य हिंदीत बोलून त्यांनी तेवढा एक शब्द मराठीत ठेवला. तो त्यांनी बायकोच्या तोंडून अनेकदा ऐकला असणार. ती रागावली होती, असे ते म्हणालेले नाहीत. जे ते म्हणाले नाहीत, ते रात्री जागून आपल्या मनाने त्यात घालू नका.

तुमच्या यजमानांचा सल्ला काळजीपोटी आलेला आहे, तरीही मला तो पटत नाही. विषय तुम्ही काढलेला नाही. त्या गृहस्थांनीच पुलावर काढला आणि उत्तर न मिळता ते निघून गेले. तुम्ही त्यांना फोन करा. संध्याकाळी करा आणि आता बोलायला सवड आहे का, एवढे आधी विचारा. मराठीत ‘येते’चा अर्थ काय होतो, तेथून सुरुवात करू नका, दुःखातल्या माणसाला ती सारवासारव वाटेल. ‘मैं आना चाहती थी, नहीं आई, डिब्बा अब भी मेरे पास है’, एवढे आधी सांगा. मग त्यांना बोलू द्या. ती कोणत्या महिन्यापर्यंत शेक घेत होती, शेवटी कोण जवळ होते, मुले आता कोणाकडे आहेत, हे ते सांगतील तेवढे ऐका. शब्दाची गोष्ट ओघात आली तर सांगा. तिने तो शब्द किती नीट शिकला होता, हेही सांगा, कारण तिला शिकवणाऱ्या तुम्हीच होतात. ‘माफ केले’ असे त्यांच्याकडून वदवून घेण्याचा प्रयत्न करू नका. त्यांनी फोन उचलला नाही, तर एकच निरोप लिहून पाठवा आणि पुन्हा पुन्हा फोन करू नका.

डबा पोस्टाने पाठवू का, असे त्यांनाच विचारा. वर्ष सरायच्या आत त्यांच्या घरी गोड चालते की नाही, हेही विचारून घ्या. चालत असेल तर बेसनाचे लाडू घाला, ते प्रवासात टिकतात, नाहीतर मुलांसाठी शेंगदाणे आणि चुरमुरे पुरेत. झाकणाला दोरी बांधा, वर जाड कापड शिवून घ्या आणि पत्ता हिंदीत लिहा. डबा तुमच्याकडेच राहू द्या असे ते म्हणाले, तर तो माळ्यावर टाकू नका, रोजच्या वापरात घ्या.