स्त्रियांवरील हिंसाचाराविषयी जनजागृतीसाठी चित्रप्रदर्शन अधिक परिणामकारक ठरते की नाट्य?

माध्यमाचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेवटी मदतीला कोण येते असे दाखवता, यावर सारे अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील आमच्या पेठेच्या मंडळाने गणेशोत्सवात दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीवर सजीव देखावा केला आणि रंगभूषा माझ्याकडे होती. बायकोचे काम करणाऱ्या मुलीच्या डोळ्याखाली मी मोठ्या हौसेने जांभळा, हिरवा आणि कडेने पिवळा रंग भरला. खेळ संपल्यावर शेजारच्या मावशींनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "पोरा, हे पिवळं आठ दिवसांनी होतंय. मारल्या मारल्या नुसतं लाल आन् सुजल्यालं असतंय."

त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. माझ्या लहानपणी पलीकडून आवाज येऊ लागला की आमच्याकडचा रेडिओ मोठा होत असे.

दुसऱ्याच दिवशी मी अध्यक्षांना विनवले की, शेवटी देवी प्रकट होऊन नवऱ्यावर त्रिशूळ उगारते, त्याऐवजी शेजाऱ्याने येऊन दाराची कडी वाजवावी. टाळी जाईल, असे म्हणून त्यांनी ते उडवून लावले. देवीला रोज टाळी मिळाली आणि मावशी रोज त्याच घरी परत गेल्या. अध्यक्षांचे चुकलेच, असे मी आजही म्हणतो. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तिथे आम्ही देवीची वाट पाहत बसलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते आणि ती सद्‌हेतूने दिली असेल, तर त्याच्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. देखाव्यात हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

प्रदर्शनच भरवायचे असेल, तर मेक्सिकन कलाकार एलिना शोवे यांनी खून झालेल्या आणि बेपत्ता स्त्रियांच्या आठवणीसाठी २००९ मध्ये मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस येथे रस्त्यावर मांडलेल्या स्त्रियांच्या लाल बुटांच्या ३३ जोड्यांची माहिती अवश्य घ्या. नक्कल मात्र करू नका. चप्पल लाईन, म्हणजे चपलांच्या दुकानांची रांगच, असलेल्या आमच्या गावात लोक भाव विचारतील. मी स्वतः प्रदर्शन कधी भरवलेले नाही, त्यामुळे त्याबाबतचे माझे मत बेतानेच घ्यावे. कोणा खऱ्या पीडितेचा चेहरा तिला विचारल्याशिवाय वापरू नका, आणि १८१ हा मदतक्रमांक गर्दीच्या मागून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा. आमच्या फलकावर त्या जागी देणगीदारांची नावे होती.