रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये डिलीट झालेला पखवाजाचा टेक परत कसा आणायचा?

खानापूरकडच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, त्यातला पखवाजाचा तुकडा टाइमलाइनवरून उडाला आणि प्रोजेक्ट बंद करून उघडल्यावर कंट्रोल-झेडही चालेना, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, आवाज बहुधा सुखरूप आहे. टाइमलाइनवरचा तुकडा फक्त मूळ फाइलकडे बोट दाखवतो. तो काढला तरी डिस्कवरची वेव्ह फाइल तशीच राहते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये तारीख-वेळेवरून ती शोधा आणि ओढून ट्रॅकवर टाका.

आता जागेवर बसवणं. टाळ-पखवाज कानानं जुळवत बसू नका, लय जराशी सरकली तरी खुपते. नेहमीच्या सेटिंगमध्ये रीपर रेकॉर्डिंगची जागा वेव्ह फाइलमध्येच लिहून ठेवतो. तुकडा निवडा, प्रश्नचिन्हाची की दाबून अ‍ॅक्शन लिस्ट उघडा, 'बीडब्ल्यूएफ' (BWF, म्हणजे जागेची नोंद सोबत ठेवणारा वेव्ह फाइलचा प्रकार) शोधा. मूळ जागी नेणारी अ‍ॅक्शन तिथंच मिळेल.

तोवर फाइल मेनूतलं 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी' अजिबात वापरू नका! वापरात नसलेल्या फाइली काढायला तेच असतं, आणि बुवांचा तो रंग पुन्हा मागून मिळत नाही. प्रेफरन्सेसच्या 'जनरल'मध्ये अनडू हिस्टरी प्रोजेक्टसोबत सेव्ह आणि लोड करण्याचे पर्याय आहेत, ते आजच चालू करा.