प्रायव्हेट गिटहब रिपॉझिटरीवर ऑटोमॅटिक सिक्युरिटी स्कॅनिंग लावायचं आहे, कोणतं टूल घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये नऊ जणांची टीम आहे, एका कारखान्याचं स्टॉक-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर सांभाळता, बॅकएंड नोडमध्ये आणि एक जुनं मॉड्यूल पीएचपीमध्ये. क्लायंटच्या आयटी विभागाने फॉर्म पाठवलाय, त्यात 'कोडवर सिक्युरिटी स्कॅनिंग होतं का' असा रकाना आहे. आणि शेवटी एक वाक्य: 'रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे, म्हणून पासवर्डचा प्रश्न नाही, फक्त लायब्ररी तपासणारं टूल सुचवा.'

त्या शेवटच्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय. लायब्ररीचं पुढे येईल.

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अशाच सॉफ्टवेअरवरून एका टीम लीडशी माझा याच मुद्द्यावर कडाक्याचा वाद झाला होता. त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच: कोड प्रायव्हेट, अ‍ॅक्सेस मोजक्या लोकांना, मग कोडमध्ये पासवर्ड असला तर बिघडलं काय? प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा कोणीतरी डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड आणि सेटिंग ठेवायची फाइल) कमिट केली होती, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवली होती. पुढे ती डिलीट झाली, गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, नाव गेलं, आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. पण गिटमध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे आणखी एक कमिट. आधीच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते आणि प्रत्येक क्लोनसोबत (कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीसोबत) पूर्ण इतिहास जातो. सोडून गेलेल्या इंटर्नचा लॅपटॉप, बाहेरच्या कंत्राटदाराचं मशीन, ऑफिसातल्या बॅकअपची डिस्क, या सगळीकडे तो पासवर्ड होता. प्रायव्हेट म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवरच्या प्रतीला बंदोबस्त. बाहेर गेलेल्या क्लोनवर गिटहबचा काही ताबा नसतो.

गमतीचा भाग नाही हा, पण तिथे स्कॅन चालू होता! गिटलीक्स, म्हणजे कोडमधले पासवर्ड आणि की शोधणारं टूल, सीआयमध्ये (कोड गिटहबवर चढवला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बसवलेलं होतं आणि रोज हिरवी टिक येत होती. कारण साधं आहे. गिटहब अ‍ॅक्शन्समधली चेकआउट स्टेप डीफॉल्टने फक्त शेवटचं एक कमिट खाली घेते. 'फेच-डेप्थ' ० केल्याशिवाय इतिहास येतच नाही, मग गिटलीक्स तपासणार काय? ती एक ओळ बदलली आणि डेटाबेसचा पासवर्ड, 'एकेआयए'ने सुरू होणारी एडब्ल्यूएसची की, पेमेंट गेटवेचं सीक्रेट, सगळं वर आलं. एसएमएस गेटवेची की मात्र तरीही आली नाही. गिटलीक्सच्या तयार नियमांत मोठ्या परदेशी सेवांच्या कीचे साचे आहेत, आपल्याकडच्या छोट्या गेटवेचे बहुतेक नसतात. त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचा नियम लिहावा लागतो: रेजेक्स (कीचा साचा), जवळपास यायला हवा तो कीवर्ड, आणि एंट्रॉपीची (अक्षरं किती विस्कळीत आहेत त्याची) मर्यादा. मर्यादा ३.५ पासून सुरू करा, खोटे इशारे जास्त आले तर वाढवा. स्वतःची कॉन्फिग दिली की मूळचे नियम बाद होतात. ते टिकवायचे तर 'एक्स्टेंड'खाली 'यूज-डीफॉल्ट' ट्रू करा. हे न करता एकच नियम लिहून बसलेल्या टीम मी पाहिल्यात. त्यांचा स्कॅनर एसएमएसची की सोडून बाकी सगळ्याकडे डोळेझाक करत असतो. 'रिडॅक्ट' हा पर्यायही लावाच, नाहीतर सापडलेला पासवर्ड रिपोर्टमध्ये उघडा छापला जातो आणि तो रिपोर्ट सीआयमध्ये कोणीही उघडून वाचतो.

सापडल्यावर टीम लीडचा पहिला हुकूम निघाला, इतिहास पुसा. हा क्रम साफ चुकीचा आहे. किल्ली चोराच्या हाती असताना कुलूप बदलायचं सोडून किल्लीचा फोटो फाडत बसण्यासारखं ते आहे. आधी की बदला. एडब्ल्यूएसमध्ये एका आयएएम युजरला (एडब्ल्यूएसमधल्या युजर खात्याला) एका वेळी दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात, त्याचा उपयोग याच कामाला: दुसरी की बनवा, डिप्लॉय करा, जुनीचा 'लास्ट यूज्ड' पुढे सरकायचा थांबला की ती इनअ‍ॅक्टिव्ह करा, काही दिवस काहीच रडलं नाही तर डिलीट. अर्थात की चुकून कधीही पब्लिक झाली असेल तर हा सबुरीचा क्रम विसरा आणि ती तत्काळ बंद करा, बिल्ड पडला तरी चालेल. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरला जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड काही काळ चालू ठेवता येतात, म्हणून रात्री कारखान्याची शिफ्ट थांबवायची गरज पडत नाही.

इतिहास पुसणं बहुतेक वेळा नंतरही करू नये, असं माझं ठाम मत आहे. इतिहास पुसणारं गिट फिल्टर-रिपो चालवलं की त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात, उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंत्या) बिघडतात, सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं. एकाने जरी जुन्या क्लोनमधून पुश केलं की सगळी घाण परत. शिवाय जुन्या पुल रिक्वेस्टमधून ते कमिट गिटहबवर हॅशने उघडतच राहतं, ते काढायला गिटहब सपोर्टला लिहावं लागतं. मेलेल्या कीसाठी एवढा खटाटोप कशाला? ग्राहकांचा वैयक्तिक डेटा किंवा सर्टिफिकेटची खासगी की इतिहासात असेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्यासाठी. नऊ जणांत पैसे न घालता गिटलीक्स दोन ठिकाणी लावा: प्रत्येकाच्या मशीनवर प्री-कमिट हुक (कमिट होण्याआधी चालणारी तपासणी) आणि सीआयमध्ये पुन्हा तोच. हुक 'नो-व्हेरिफाय'ने कोणीही टाळू शकतो, म्हणून सीआय लागतंच. पण सीआय ओरडेपर्यंत की सर्व्हरवर पोचलेली असते, म्हणजे ती बदलावीच लागते, पुढचं कमिट करून झाकता येत नाही. पुशच्या क्षणीच अडवणारं गिटहबचं पुश प्रोटेक्शन पब्लिक रिपॉझिटरीला फुकट आहे. प्रायव्हेटला सीक्रेट प्रोटेक्शन विकत घ्यावं लागतं, एप्रिल २०२५ पासूनच्या दराने सक्रिय कमिटरमागे महिना १९ डॉलर, म्हणजे तुम्हाला १७१. क्लायंट देत असेल तर घ्या, नाहीतर हुक आणि सीआय पुरतात.

लायब्ररीसाठी गिटहबचंच डिपेंडाबॉट. प्रायव्हेटलाही फुकट आहे, सेटिंगमध्ये अ‍ॅलर्ट आणि सिक्युरिटी अपडेट चालू करा. पॅकेज-लॉक फाइल कमिट केलेली हवी, नाहीतर लायब्ररीच्या आतल्या लायब्ररीची नेमकी आवृत्ती त्याला कळत नाही. इथे लोक एकाच जागी अडकतात: डिपेंडाबॉटच्या पुल रिक्वेस्टवर चालणाऱ्या वर्कफ्लोला अ‍ॅक्शन्सची सीक्रेट मिळत नाहीत, बिल्ड लाल होतो, आणि टीम म्हणते हे टूलच भिकार. त्याची सीक्रेट वेगळ्या कप्प्यात, डिपेंडाबॉट सीक्रेट्समध्ये ठेवायची असतात. टेस्टपुरती लागणारीच तिथे ठेवा, प्रॉडक्शनचं एकही नको. तुमच्या जुन्या पीएचपी मॉड्यूलमध्ये अ‍ॅसेट्सच्या फोल्डरात जेक्वेरीची फाइल नुसती कॉपी केलेली असणार. ती डिपेंडाबॉटला दिसत नाही, ती पकडायला रिटायर-जेएस चालवा. ३.५.० च्या आधीची जेक्वेरी असेल तर २०२० सालचा एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसवू देणारा दोष) तुमच्याकडे आहे असं समजा.

तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोडमधले दोष शोधायला सेमग्रेप. गिटहबचं कोडक्यूएल चांगलं आहे, पण ते पीएचपी वाचतच नाही आणि प्रायव्हेटला कमिटरमागे महिना ३० डॉलर पडतात. डॉकर इमेजसाठी ट्रिव्ही. या दोघांची एक गोष्ट पहिल्याच दिवशी बघून घ्या: दोष सापडले तरी ती डीफॉल्टने एक्झिट कोड ० देतात, म्हणजे परत हिरवी टिक. सेमग्रेपच्या 'स्कॅन' कमांडला 'एरर' आणि ट्रिव्हीला 'एक्झिट-कोड १' हा पर्याय द्यावा लागतो. ट्रिव्हीत 'इग्नोर-अनफिक्स्ड' लावा आणि फक्त हाय, क्रिटिकल ठेवा, नाहीतर बेस इमेजमधले दुरुस्तीच न आलेले दोष रोज छापून येतील. अपवाद करायचाच असेल तर ट्रिव्ही-इग्नोर फाइलमध्ये सीव्हीईच्या (जाहीर झालेल्या दोषाच्या क्रमांकाच्या) पुढे मुदतीची तारीख टाकता येते. ती टाका, बिनमुदतीचा अपवाद कोणी परत उघडून बघत नाही.

त्या टीम लीडचं दुसरं पालुपद होतं, 'स्कॅनने हजारावर इश्यू दाखवलेत, आधी ते संपवू, मग सीआयमध्ये लावू.' असं म्हणणारी टीम सीआयमध्ये कधीच लावत नाही, कारण संपवायला वेळ मिळेपर्यंत नवे तेवढेच जमा झालेले असतात. उलट बाजूचं टोकही तितकंच वाईट: पहिल्या दिवसापासून सगळ्यावर मर्ज अडवला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी तपासणीच बंद करतो. मधला रस्ता बेसलाइनचा. गिटलीक्सला आजचा रिपोर्ट बेसलाइन म्हणून द्या, सेमग्रेपला बेसलाइन कमिट द्या, आणि फक्त नव्याने आलेल्या दोषावर मर्ज अडवा. जुने आठवड्याला थोडे थोडे उपसा. त्यात सीक्रेट आधी, मग अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेच्या केईव्ही यादीत असलेले, म्हणजे प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले गेलेले, मग उरलेले. नुसत्या सीव्हीएसएसच्या (दोष किती गंभीर ते सांगणाऱ्या) आकड्यावर रांग लावू नका. डिसेंबर २०२१ मधला लॉगफोरशेल हा जगभर हल्ल्यांत वापरला गेलेला दोष आणि बिल्डच्या वेळीच चालणाऱ्या एखाद्या पॅकेजमधला रेजेक्सचा दोष, दोन्ही स्कॅनच्या यादीत लाल दिसतात, पण रविवारी ऑफिसात यायची गरज फक्त पहिल्यासाठी असते.

मर्ज अडवण्यासाठी ब्रँच प्रोटेक्शन (मुख्य शाखेवर नियम लावायची सोय) लागतं, आणि गिटहबच्या फ्री प्लॅनवर प्रायव्हेट रिपॉझिटरीला ते मिळत नाही. लाल फुली दिसते, पण मर्जचं बटण चालूच राहतं. माणशी महिना ४ डॉलरचा टीम प्लॅन घ्या. या सगळ्यात पैसे घालायचेच तर पहिले इथे. आणि अनिवार्य केलेल्या तपासणीच्या वर्कफ्लोला पाथ फिल्टर लावू नका. तो वर्कफ्लो वगळला गेला की तपासणी 'प्रतीक्षेत' अडकून राहते आणि पुल रिक्वेस्ट मर्जच होत नाही.

स्कॅन पुल रिक्वेस्टवर तर हवाच, शिवाय रोज एकदा हवा, कारण कोड तोच राहतो आणि सीव्हीई नवे येत राहतात. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी स्कॅन चालवणारी सोय, डीफॉल्टने यूटीसी या जागतिक वेळेत चालतो. आपल्या पहाटे २ वाजता हवा असेल तर त्यात २०:३० ची वेळ द्यायची.

बाहेरची प्रत्येक अ‍ॅक्शन (वर्कफ्लोत वापरलेला दुसऱ्याचा तयार तुकडा) टॅगने, म्हणजे आवृत्तीच्या नावाने नाही, ४० अक्षरी पूर्ण कमिट हॅशने बांधा. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या अ‍ॅक्शनचे टॅग दुष्ट कमिटकडे वळवले गेले आणि ती वापरणाऱ्या रिपॉझिटरींची सीक्रेट बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. हॅशने बांधलेल्यांना टॅग हलल्याचा फरक पडला नाही. हॅश असला तरी डिपेंडाबॉट नवी आवृत्ती सुचवतो, त्यामुळे 'अपडेट कोण करणार' ही सबब चालत नाही. स्कॅनच्या वर्कफ्लोला परवानगी फक्त कंटेंट वाचण्याची द्या.

क्लायंटच्या रकान्यात टूलची नावं लिहून थांबू नका. अ‍ॅलर्ट कोणाकडे जातो, सीक्रेट सापडलं तर त्याच दिवशी कोण बदलतं, क्रिटिकल किती दिवसांत दुरुस्त होतो, हे नावानिशी लिहा. मी सात दिवस लिहायला सांगतो. की नुसती सापडली नाही, कोणी ती वापरून आत शिरलंय असं दिसलं, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. ते कोण कळवणार हेही त्याच फॉर्ममध्ये ठरवून टाका.

हे सगळं गिटहब धरून लिहिलंय. गिटलॅबवर असाल तर सीक्रेट डिटेक्शन आणि एसएएसटीचे (कोड न चालवता त्यातले दोष शोधण्याचे) साचे फ्री प्लॅनमध्ये मिळतात, प्रोटेक्टेड ब्रँचही मिळते. पण डिपेंडन्सी (लायब्ररी) स्कॅनिंग सर्वात वरच्या अल्टिमेट प्लॅनमध्ये आहे, तिथे ट्रिव्ही वापरा. एसएएसटीच्या साच्यात 'अलाउ-फेल्युअर' ट्रू असतो, म्हणजे तपासणी नापास झाली तरी काम पुढे जातं, तेवढा तपासा.

आणि यातलं एकही टूल तुम्हाला हे सांगणार नाही की एका डीलरने लॉगिन करून यूआरएलमधला इन्व्हॉइस नंबर बदलला तर दुसऱ्या डीलरचं बिल उघडतं की नाही. कोणाला काय दिसायला हवं हे स्कॅनरला माहीत नसतं. त्यासाठी टेस्ट सूटमध्ये दोन डीलरचे युजर बनवा, पहिल्याच्या टोकनने दुसऱ्याचं बिल मागवा आणि ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) यायलाच हवा असं लिहा. प्रत्येक नव्या एंडपॉइंटला ही टेस्ट जोडली नसेल तर रिव्ह्यूत पुल रिक्वेस्ट परत पाठवा.