नोटेशन काढलं की हात थिजतात

"एवढी वर्षं शिकले, तरी नोटेशन, म्हणजे लिहिलेली सुरावट, समोरून काढलं की हात थिजतात. म्हणजे माझ्यात संगीत नाहीच, नुसतं पाठांतर आहे, असंच ना?"

हा प्रश्न वादक मला वारंवार विचारतात. या वेळी विचारणारी पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीत तयार झालेली व्हायोलिनवादक होती. हिंदुस्थानी, अरबी आणि जॅझ वादकांसोबत ती वाजवायला बसू लागली होती. पाळी आली की पुढच्याला खूण करून मोकळी व्हायची.

मला तिच्यात उणीव दिसली नाही. चूक पकडणारा तिचा कान फार तयार होता, आणि सूर उमटण्याआधीच तो निकाल देत होता. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राऊन यांनी 2008 मध्ये सहा जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्स्फूर्त वाजवताना, स्वतःवर देखरेख ठेवण्याशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावलेली त्यात दिसली. तिची देखरेख क्षणभरही सुटत नव्हती.

"बाकीचे मोकळे, मीच चौकटीतली," हा तिचा समज मात्र मी लगेच खोडला. रागात न्यासाचे (ज्यांवर थांबायचं ते) आणि वर्ज्य (टाळायचे) स्वर ठरलेले असतात. जॅझमध्येही वाजणाऱ्या ब्लूजला बहुधा 12 बारचं, म्हणजे तालाच्या 12 खंडांचं आवर्तन असतं. अरबी तक्सीममध्ये, म्हणजे तिथल्या उत्स्फूर्त एकल वादनात, बहुधा मूळ मकामातून (रागासारख्या स्वरचौकटीतून) बाहेर पडून परत यायचं असतं. आणि तिची स्वतःची परंपरा? 1747 मध्ये जर्मन संगीतकार बाखनं प्रशियाच्या राजानं दिलेल्या सुरावटीवर जागच्या जागी तीन स्वरपंक्तींचा फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक पंक्तीत गुंफत नेणारी रचना) वाजवला होता!

पुढच्या भेटीला तिनं व्हायोलिन आणलं. मोबाइलवर तानपुरा लावला. सा, कोमल रे, ग एवढेच स्वर, रेकॉर्डिंग नाही. थोड्या वेळानं बोट न ठरलेल्या मध्यमावर (म) गेलं. खांदा वर चढला, गज थांबला. "सॉरी."

"तोच सूर पुन्हा घ्या. मुद्दाम."

तिनं घेतला. मग आणखी एकदा, लांबवून, आणि तिथून मींडेनं, सूर न तोडता घसरत, गंधारावर (ग) उतरली. खांदा कधी खाली आला, तिला कळलंही नाही.

घरी करायला एवढंच दिलं: सोबत्याची शेवटची ओळ जशीच्या तशी परत वाजवायची, मग फक्त तिचा शेवट बदलायचा. (दर कार्यक्रमाआधी श्वास कोंडत असेल, छाती धडधडत असेल, तर एवढ्यावर थांबू नका, उपचार घ्या.)

आता ती आपली पाळी सोडत नाही. जॅझमधले झरझर बदलणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) अजून तिला अडवतात. तिथं सराव कमी पडतोय, म्हणून जॅझ शिकवणाऱ्यांकडे जायला सुचवलं आहे.