दगडातलं फॉस्फेट शेवाळाला मिळतं का?

प्रश्न: गिरणारे शिवारात आमचं शेततळं आहे, कागद टाकलेला नाही, खाली मुरूम आणि काळा दगड. तळ्यात खताची चिमूटसुद्धा टाकत नाही तरी एप्रिल आला की पाणी हिरवंगार. शेजारचे म्हणतात दगडातलं फॉस्फेट शेवाळाला पोसतं. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, अ‍ॅपटाइट नावाचं खनिज थोडंसं असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, आपले दात-हाडंही त्याच जातीच्या खनिजाची. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, पण काही बॅक्टेरिया आणि बुरशी सेंद्रिय आम्लं सोडून ते हळूहळू मोकळं करतात. द्राक्षाला पीएसबी, म्हणजे फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंचं खत, देता ना, त्यातले जिवाणू जमिनीत हेच करतात.

पण हे काम इतकं सावकाश चालतं की एका उन्हाळ्यात तळं हिरवं होणं त्याच्यानं होत नाही. माझा संशय गाळावर आहे. तुम्ही तळ्यात खत टाकलं नसेल, पण वावरात डीएपी, सुपर फॉस्फेट पडतंच, आणि फॉस्फेट मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, मग पावसाळ्यात माती वाहून आली की तेही सोबत आलं आणि तळाशी साठलं. उन्हाळ्यात पाणी कमी, गरम, तळाला ऑक्सिजन संपतो, आणि गाळातल्या लोखंडाने धरून ठेवलेलं फॉस्फेट सुटून पाण्यात येतं. वर ऊन भरपूर, शेवाळाला अजून काय पाहिजे!

आणि ते लागतंही किती थोडं. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये सरासरी 106 कार्बनमागे 16 नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटमधलं मूलद्रव्य, फक्त 1 अणू. 1973 मध्ये कॅनडात 226 नंबरच्या तलावाचे मध्ये पडदा लावून दोन भाग केले, कार्बन-नायट्रोजन दोन्हीकडे टाकला, फॉस्फरस एकाच बाजूला, आणि हिरवी झाली ती तीच बाजू. मला हा प्रयोग फार आवडतो, विमानातून काढलेल्या फोटोत फरक चक्क दिसतो.

तेव्हा दगडाला हात लावू नका. तळं आटलं की गाळ काढा आणि वावरातच पसरा, फॉस्फेट तुमचंच आहे. पाणी येतं त्या बाजूच्या बांधावर गवत वाढू द्या, माती तिथेच अडेल. आणि पाण्यावर हिरवट-निळी साय धरली तर जनावरांना ते अजिबात पाजू नका, नीलहरित शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.